चोविसावी मूठ

कानबाई देवी श्रावणात रविवारीच येते, हे खानदेशातल्या रनाळ्यात कडेवरच्या पोरालाही माहीत असतं. विद्यापीठाला ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांचं पत्र आलं ते असं: एम.ए. शिक्षणशास्त्र, ऑनलाइन, प्रथम वर्ष. परिचयसत्र रविवारी सकाळी अकरा वाजता. हजेरी सक्तीची. सव्वाअकराला प्रवेश बंद होईल आणि गैरहजर विद्यार्थ्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल.

दोधू आप्पांनी ते पत्र मोबाइलवर तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटी सही शोधली. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेल्या माणसाला सही नसलेला कागद खरा वाटत नाही. पण मथळ्याखाली नाव होतं, आणि ते नाव त्यांच्या बायकोचं होतं. सौ. सुंदरबाई दोधू बोरसे. वय वर्षं चौपन्न, अंगणवाडी सेविका. लग्न होऊन आली तेव्हा दहावी नापास. ती दहावी, मग बारावी, मग मुलांची लग्नं लावता लावता बाहेरून दिलेली बी.ए.; प्रत्येक परीक्षेच्या अभ्यासाला आप्पा शेजारी बसले होते, पुस्तक धरून, चुका काढत. आता ती त्यांच्याही पुढच्या इयत्तेत निघाली होती. आप्पा स्वतः बी.ए.च्या पुढे गेलेच नव्हते. आठ दिवस ते घरात पायाला चाकं लावल्यासारखे फिरत होते. प्रवेश जणू त्यांनाच मिळाला होता.

अडचण एकच होती. बोरसेंच्या भाऊबंदकीत सात घरं, आणि कानबाई दरवर्षी एका घरी बसते. यंदाची पाळी आप्पांच्या घराची होती. ती पुढे ढकलता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. ज्या घरी कानबाई, त्या घरच्या बाईनेच रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, गव्हाच्या मुठी टोपलीत टाकायच्या, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मधे उठायचं नाही.

निकालासाठी प्रश्न बेबीबाईंकडे गेला. बेबीबाई म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून सातही घरांत त्यांचाच शब्द शेवटचा. त्या जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. आधार कार्डाच्या वेळी नाव विचारणाऱ्या पोराला त्यांनी सांगितलं होतं, जगदीशना बापनं नाव लिख, आणि पोरगा जगदीशला शोधत गावभर फिरला होता. अशा बाईपुढे विद्यापीठाचं पत्र ठेवायचं म्हणजे आप्पांना परीक्षाच वाटली.

बेबीबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सुंदरबाईंकडे पाहिलं.

"कितला वाजता शे तुन्ही शाळा?"

"अकराले, भाभी."

"मंग दहाले मुठी टाकू. साडेदहाले तू मोकळी. पन मधमा उठनी ना, तर मी काय आयकाव नही."

म्हणजे परवानगी मिळाली होती, पण धमकीसकट.

*

दुसरी अट विद्यापीठाचीच होती आणि ती जास्त अवघड निघाली. ओळख पटवताना विद्यार्थ्याने खोलीत एकटं असावं, दार लावलेलं असावं, कॅमेरा चारी बाजूंना फिरवून दाखवावा, आणि सत्र संपेपर्यंत कोणी आत येऊ नये. हे वाचून घरात हशा पिकला. कानबाईला सात घरांची चाळीस माणसं येणार. ओसरीत अंथरुणं, माडीवर पिशव्या, न्हाणीपुढे रांग. मुलगा नवनीत म्हणाला की आईला एकटं बसायचं असेल तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागेल.

शेवटी धान्याची खोली ठरली. गव्हाच्या कोठ्या एका बाजूला सरकवल्या, दोन पत्र्याच्या डब्यांवर फळी टाकून टेबल केलं, आणि नवनीतने खिडकीत मोबाइलची रेंज कुठे येते ते खडूने फुली मारून दाखवलं. मयूरी, त्याची चौथीतली पोरगी, आजीची मास्तरीण झाली. हात वर करायचं चिन्ह कुठलं, आवाज बंद कुठून करायचा, हे ती छडी नसलेल्या हाताने शिकवत होती. आजी दोनदा चुकली की ती म्हणे, "आजी, परत." आप्पांना तो स्वर ओळखीचा वाटला. तो त्यांचाच होता.

आप्पांनी स्वतःकडे हजेरी घेतली होती. सत्रात नाव पुकारतील, तेव्हा सुंदरबाई गोंधळू नये म्हणून रोज संध्याकाळी सराव. त्यासाठी वर्गाची यादी हवी. नवी यादी कोण करणार? आप्पांच्या वहीत कानबाईच्या मुठींची यादी तयारच होती. गेल्या वर्षी बेबीबाईंच्या जगदीशने नावं तोंडपाठ पुकारली आणि सुरतेच्या पुतण्याला विसरला. पुतण्या वर्षभर रुसून होता. म्हणून यंदा आप्पांनी भाऊबंदकीतल्या तेवीस पुरुषांची नावं वयाप्रमाणे मांडून ठेवली होती, पहिलं त्यांचं स्वतःचं, शेवटचं जगदीशच्या चार महिन्यांच्या नातवाचं, पवनचं. माणशी सव्वा मूठ गहू. बायकांची मूठ नसते. त्या रोट करतात आणि खातात. त्याच यादीत आठव्या आणि नवव्या नावाच्या मधल्या जागेत आप्पांनी पेन्सिलीने बायकोचं नाव लिहिलं, आणि वर्ग तयार झाला.

त्या सरावात एक गोष्ट घडली, जिची आप्पांनी कल्पना केली नव्हती. पस्तीस वर्षांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. 'अवं', नाहीतर 'नवनीतनी माय'. पहिल्या संध्याकाळी "सुंदरबाई दोधू बोरसे" हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि दोघंही खाली बघायला लागली. दुसऱ्या दिवशी ती हळूच "उपस्थित" म्हणाली. पाचव्या दिवशी हाक पुरी व्हायच्या आत उत्तर येऊ लागलं. सातव्या दिवशी ती स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता "उपस्थित" म्हणत होती.

आणखी एक काम आप्पांनी केलं. 'आपला परिचय द्या' असं सत्रात असणार होतं, म्हणून त्यांनी वळणदार अक्षरात सहा ओळींचा परिचय लिहून दिला. 'उच्च शिक्षण घेण्याची माझी मनस्वी इच्छा आहे' ही त्यातली त्यांची सगळ्यात आवडती ओळ. सुंदरबाईंनी ती चार वेळा वाचली आणि कागद घडी घालून आप्पांच्या वहीत ठेवला.

*

रविवारी दहा म्हणता म्हणता सव्वादहा झाले. बांबूची नवी टोपली, तिला हळदीकुंकवाची बोटं, शेजारी धुऊन वाळवलेल्या गव्हाची परात. सुंदरबाई नव्या लुगड्यात पाटावर बसल्या. समोर बेबीबाई, भोवती सगळी सासू-सुनांची वर्तुळं, दारात पुरुष. आप्पांनी चष्मा लावला आणि वही उघडली.

"दोधू नथ्थू बोरसे."

भरली मूठ, वर चिमूट. गहू टोपलीत पडला. दुसरं नाव, तिसरं. आप्पांना लय सापडली. छत्तीस वर्षांची हजेरी त्यांच्या जिभेत बसलेली होती. नाव, थांबा, नाव. एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर होता. जगदीशची मूठ पडली, त्याच्या धाकट्या भावाची पडली.

"सुंदरबाई दोधू बोरसे."

"उपस्थित," सुंदरबाई म्हणाल्या, आणि मूठ टाकली. वर चिमूटही टाकली.

गहू पडल्याचा आवाज एरवी कुणाला ऐकू आला नसता. त्या क्षणी तो दारातल्या माणसांपर्यंत गेला. आप्पांनी वहीकडे पाहिलं. पेन्सिलीचं अक्षर त्यांच्याकडे बघत होतं. त्यांना आपल्या कानांच्या पाळ्या तापल्याचं जाणवलं; पहिल्या नोकरीत केंद्रप्रमुखांसमोर फळ्यावर चुकीची बेरीज लिहिली होती, तेव्हा तापल्या होत्या तशा.

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि हसू दाबलं. जगदीश पुढे आला. तो वाईट माणूस नव्हता, पण नेमाचा पक्का, आणि गेल्या वर्षीचा ठपका त्याच्या मनात होताच. तो म्हणाला की मूठ काढून घ्या. मग स्वतःच थांबला, कारण टोपलीत पडलेला गहू कानबाईचा. तो काढत नाहीत, हे त्याच्या आईनेच त्याला शिकवलं होतं. मग त्याने दुसरी वाट काढली. मूठ बिननावाची ठेवता येत नाही, तर ती पुढे होणाऱ्या पोराच्या नावाने धरा. एवढं बोलून त्याने रुपाकडे, नवनीतच्या बायकोकडे पाहिलं. बायकांमधून दोघीतिघींनी लगेच ती गंमत उचलली. मयूरीला भाऊ येणार, आजीच्या हाताने सांगावा आला म्हणे.

घड्याळात दहा चाळीस झाले होते. पंधरा नावं बाकी होती. सुंदरबाई पाटावर ताठ बसून होत्या, हात परातीवर, नजर धान्याच्या खोलीच्या दाराकडे. मधे उठायचं नाही. वाद मिटेपर्यंत पुढची मूठ टाकायची नाही. आणि तिकडे कुठल्यातरी शहरात प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार तयार बसलेला. आप्पांना वाटलं, ही जागा गेली तर ती विद्यापीठाने घेतली नाही, कानबाईने घेतली नाही. मी घालवली, नवी यादी करणं वाचवायच्या नादात.

तेवढ्यात रुपा बोलली. अकरा वर्षांत ती चारचौघांत मोठ्या सासूंसमोर बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिने गंमत करणाऱ्यांकडे पाहिलंच नाही.

"मोठी माय, मूठ टाकताना ज्यानं नाव लिधं, मूठ त्यानीच ऱ्हास ना?"

ज्याचं नाव पुकारलं त्याचीच मूठ, एवढंच तिचं म्हणणं. बेबीबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग आप्पांकडे.

"भाऊ, तुम्ही नाव कोनं लिधं?"

आप्पांनी घसा साफ केला. "सुंदरबाईनं."

"आनि हाजिर कोन बोलनं?"

"तीच बोलनी."

"सातही घर आयकी ऱ्हायनात ना? तुम्ही हाक मारी, तिनी ओ दिधी, कानबाईनी टोपलीमा लिधी." त्यांनी हात झटकला, पीठ झटकावं तसा. "मंग आते याम्हा ईचारानं काय ऱ्हायनं? पडनी ती सुंदरबाईनी मूठ. चोवीस तर चोवीस."

जगदीश म्हणाला, "पन माय, बाईनी मूठ आजपावत..."

"तुन्हा बाप जिवत व्हतात तवय बी मुठी मीच टाक्यात," बेबीबाई म्हणाल्या. "सगळ्या मुठी मन्हा हातम्हाईन गयात. कोनी मले ईचारं नही, मन्ही कोठे शे. चाला भाऊ, पुढलं नाव ल्या. पोरीनी शाळा निंघी जाई."

चौपन्न वर्षांच्या सुंदरबाईंना त्या पोरगी म्हणाल्या हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आप्पांच्या आलं.

मग आप्पांनी जी हजेरी घेतली, तशी त्यांनी आयुष्यात घेतली नव्हती. नावाला नाव लागत होतं, मुठीला मूठ. जगदीशच चौकटीला टेकून मोजू लागला, तेरा, चौदा. मोजणारा माणूस भांडू शकत नाही. सुरतेच्या पुतण्याचं नाव आलं तेव्हा तो मागून उगाच खाकरला, आपण आहोत हे कळावं म्हणून. शेवटी पवन. चार महिन्यांच्या त्या गृहस्थाच्या मुठीचा गहू पडला तेव्हा अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

सुंदरबाई उठल्या. हाताला हळद, बोटांत गव्हाचा कोंडा. नवनीत मोबाइल घेऊन पुढे, मयूरी मागे, धान्याच्या खोलीत शिरली. दोन मिनिटांनी नवनीत आणि मयूरी बाहेर आले आणि आतून कडी लागली. आप्पा बाहेर राहिले. आजवर तिच्या प्रत्येक अभ्यासात ते दाराच्या आतल्या बाजूला होते.

*

"आत घेतलं का तिला?" त्यांनी नवनीतला विचारलं. तो म्हणाला, मी बाहेर आलो तेव्हा 'थांबा' दाखवत होतं. अकरा नऊ. अकरा दहा. ओसरीतली चाळीस माणसं काम करत होती, पण कुणी भांडं आपटत नव्हतं.

मग आप्पांना वहीत काहीतरी टोचलं. घडी घातलेला कागद. परिचय. सहा ओळी, मनस्वी इच्छेसकट, ती वहीतच विसरून गेली होती. आप्पा वाकले आणि दाराखालच्या फटीतून कागद सरकवायला लागले.

"भाऊ."

बेबीबाई दारापुढे येऊन बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, राखणीला बसल्यासारख्या. "तुमनी परवानगी शे का आत जावानी?"

"मी कुठं जातोय वहिनी, फक्त कागद..."

"त्या मानसे देखतीन. आत कोनी नको, सांगेल शे ना? मंग हात बी नको." त्यांनी कागद काढून घेतला, उलटा धरून पाहिला आणि कमरेला खोचला. "बठा आठे. मास्तर शेतस ना, शाळाबाहेर कसं बठतस ते शिका."

आप्पा बसले. दाराच्या आतून एका बाईचा आवाज आला, मोबाइलमधून येतो तसा, पत्र्यावरून घरंगळलेला. ती नावं पुकारत होती. कोल्हापूरकडचं एक नाव, चंद्रपूरचं एक. मग:

"सुंदरबाई दोधू बोरसे."

आप्पांचे ओठ हलले. उत्तर त्यांच्या तोंडाशी आलं होतं.

"उपस्थित," आतून आवाज आला. मोठा, स्पष्ट, भाकरी थापताना येई तसा.

ओसरीतून एक श्वास एकदम सुटला. मयूरीने आप्पांचा गुडघा दोन्ही हातांनी दाबला. अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती.

बाई आता एकेकाला विचारत होती, तुम्हाला हे का शिकायचंय. आधीच्या दोघांनी बढती सांगितली, पदवी सांगितली. आप्पांना त्यांच्या ओळी आठवत होत्या. ते मनातल्या मनात तिला सुचवू लागले, मी सौ. सुंदरबाई, राहणार रनाळे...

"मी अंगणवाडीत बावीस वर्षं आहे," आतून सुंदरबाई म्हणाल्या. शाळेतली मराठी, पण सावकाश, स्वतःची. "आमच्याकडे सातपुड्यातनं शेतांवर सालदारकीला, वर्षाच्या बोलीवर राबायला आलेल्या घरांची मुलं येतात. घरी ती भिली बोलतात. मी पाणी म्हणते, ती गप्प बसतात. मग मी पेला दाखवते. बावीस वर्षं मी पेला दाखवत आले. मला शिकायचंय, आधी मी त्यांचा शब्द शिकावा, की त्यांना माझा शिकवावा. घरी मास्तर आहेत, पण त्यांना मी हे कधी विचारलं नाही. ते लगेच उत्तर देतील म्हणून."

बेबीबाईंनी आप्पांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

आप्पा हसले नाहीत. धडगावच्या त्यांच्या पहिल्या शाळेतलं एक पोरगं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, बाज्या, जो दोन वर्षं एक शब्द बोलला नव्हता आणि ज्याला आप्पांनी मंद म्हणून लिहिलं होतं. त्यांनी पेलासुद्धा दाखवला नव्हता. आतली बाई म्हणत होती की ताई, हाच प्रश्न आपल्या पहिल्या घटकाच्या वरती लिहून ठेवूया. आप्पांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वहीच्या शेवटच्या पानावर तो प्रश्न लिहून घेतला. उत्तर लिहिलं नाही.

*

साडेबाराला कडी निघाली. सुंदरबाई बाहेर आल्या त्या चेहऱ्यावर असं हसू घेऊन की मयूरीने न विचारता त्यांच्या कमरेला मिठी मारली. सगळे एकदम विचारू लागले. काय शिकवलं, किती जण होते, बाई कशी होती, परत कधी. गुरुवारी संध्याकाळी सात, त्या म्हणाल्या, एकशे बारा जणं, आणि आज काही शिकवलं नाही, आज नुसती हजेरी झाली. मग त्यांनी पदर खोचला आणि टोपलीकडे वळल्या. गिरणी सकाळपासून धुऊन ठेवलेली होती आणि एकची पाळी बोरसेंची होती.

"कागद इसरनी मी," टोपली डोक्यावर घेताना त्या आप्पांना हळूच म्हणाल्या.

"बरं झालं," आप्पा म्हणाले.

बायका टोपलीमागे गिरणीकडे निघाल्या. त्यांच्या गाण्याचा आवाज गल्लीतून लांब गेला. बेबीबाई मात्र उठल्या नाहीत. गुडघे धरून दारापाशीच बसून राहिल्या. कमरेचा कागद काढून त्यांनी आप्पांना परत दिला.

"भाऊ, तुमनी ती वही. पुढला सालनी यादी तेम्हाच लिखतस का?"

"तिच्यातच लिहीन."

"मंग आतेच लिखी ठेवा. परत पेन्सिलघाईं नको. पेनघाईं लिखा."

आप्पांनी नवं पान काढलं. पहिलं नाव घातलं, मग पेन उचलून थांबले. चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत, छत्तीस वर्षं जूनच्या पहिल्या दिवशी नव्या पोरांना विचारत आले त्याच स्वरात त्यांनी विचारलं:

"पूर्ण नाव सांगा, वहिनी."

बेबीबाईंनी दाराकडे पाहिलं. ओसरीत कुणी नव्हतं. होती ती एकटी मयूरी, आणि ती मोबाइलवर हात वर करायचं चिन्ह दाबून बघत होती. बेबीबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला.

"बेबीबाई," त्या म्हणाल्या. आप्पांनी पेन टेकवलेलंच ठेवलं. पोराला नाव आठवायला वेळ लागतो, घाई करायची नसते.

"बेबीबाई सुकलाल बोरसे," त्या म्हणाल्या. आणि आप्पांनी हाक मारायच्या आधीच, "हाजिर."